झाकली मूठ

मराठीचा शिक्षक म्हणून मी तेहतीस वर्षे मुलांना म्हणी शिकवल्या. 'झाकली मूठ सव्वा लाखाची' या म्हणीचा अर्थ फळ्यावर लिहून देताना माझा हात कधी अडखळला नाही. मौन राखले की अब्रू राहते, असा अर्थ सांगावा, वाक्यात उपयोग करून दाखवावा आणि पुढच्या म्हणीकडे वळावे, असा आमचा शिरस्ता. मूठ कोणाची, ती झाकून ठेवायला तिला कोणी सांगितले आणि ते सव्वा लाख शेवटी कोणाच्या पदरात पडतात, हे प्रश्न कोणा विद्यार्थ्याने मला विचारले नाहीत आणि मीही स्वतःला विचारले नाहीत. ते पडायला वयाची ऐंशी वर्षे उलटावी लागली. निमित्त झाले एका इंग्रजी कादंबरीचे.

धारवाडला कॉलेजात इंग्रजी शिकवून निवृत्त झालेली माझी भाची, म्हणजे थोरल्या आक्काची मुलगी, गेल्या वर्षी पंचमीनंतर आमच्याकडे आली होती. जाताना टेबलावर एक पुस्तक ठेवून गेली. "मामा, सावकाश वाचा. पण वाचाच," एवढेच म्हणाली. तिच्या 'वाचाच' मधला तो 'च' मला त्या दिवशी कळला नाही.

पुस्तकाचे नाव 'अ थाउजंड एकर्स', म्हणजे हजार एकर. लेखिका जेन स्मायली ही अमेरिकन बाई. कादंबरी १९९१ साली निघाली, १९९२ साली तिला पुलित्झर पारितोषिक मिळाले आणि १९९७ साली तिच्यावर चित्रपटही झाला. शेक्सपिअरच्या 'किंग लिअर'ची गोष्ट तिने उचलली आणि अमेरिकेच्या आयोवा राज्यातल्या एका शेतकऱ्याच्या घरात आणून ठेवली. काळ १९७९ चा. लॅरी कुक हा म्हातारा, हजार एकर काळ्याभोर जमिनीचा धनी. त्याला तीन मुली. जिनी आणि रोज या थोरल्या दोघी लग्न करून त्याच जमिनीवर राहिलेल्या आणि धाकटी कॅरोलिन वकील होऊन शहरात गेलेली. एके दिवशी बाप अचानक जाहीर करतो की सगळी जमीन तिघींच्या नावे करणार. थोरल्या दोघी मान डोलावतात. धाकटी नुसती म्हणते की तिला नक्की सांगता येत नाही. तेवढ्यावरून बाप तिला वाटणीतून काढून टाकतो. पुढे वादळी रात्र येते, बापाचे शिव्याशाप येतात, धाकटी आणि बाप मिळून थोरल्यांवर दावा लावतात, आणि शेवटी जमीनही जाते, माणसेही जातात.

ही गोष्ट आपल्याला परकी नाही. शिरवाडकरांचे 'नटसम्राट' १९७० साली रंगभूमीवर आले, त्याच्या मुळाशीही हाच लिअर आहे. पुढच्या काही वर्षांत ते आमच्या बेळगावला पाहिले तेव्हा मी तिशीच्या आसपास होतो. गणपतराव बेलवलकर मुलाच्या आणि मुलीच्या नावे सगळे करून टाकतात आणि कावेरीसह बेघर होतात, तेव्हा अंधारात सगळे नाट्यगृह डोळे पुसत होते. मीही रडलो. शाळेच्या स्नेहसंमेलनात त्यातली स्वगते मी मुलांकडून बसवून घेतली. मुलगी नलू हिच्या बाजूने घडले ते कसे घडले असेल, तिच्या संसारात काय चालले असेल, याचा विचार मला शिवला नाही. रंगमंचावर बाप बोलत होता आणि बाप इतके सुंदर बोलत होता की बाकीच्यांनी गप्प राहणेच योग्य वाटावे.

जेन स्मायलीने नेमके हेच उलटे केले. तिने बोलायला लावले ते थोरलीला, जिनीला. लिअरच्या थोरल्या मुली दुष्ट का झाल्या याचा उलगडा नाटकात होत नाही. त्या दुष्ट आहेत, बस्स. इथे मात्र जिनी आपल्याला स्वयंपाकघरात नेते. बापाचा नाश्ता ठरल्या वेळी टेबलावर आला पाहिजे. तो खोलीत आला की कोणी आवाज वाढवायचा नाही. गावात त्याची कर्ता माणूस म्हणून ख्याती. आई लवकर गेली, तेव्हा धाकट्या कॅरोलिनला या दोघींनी आईसारखे वाढवले, तिच्या वाट्याला चार दिवस मोकळे यावेत, ती शिकून बाहेर पडावी म्हणून दोघी मध्ये उभ्या राहिल्या. आणि कादंबरीच्या मध्यावर वादळाच्या त्या रात्री रोज बहिणीला सांगते की आई गेल्यावर बापाने पोटच्या पोरींशी जे कधीही करू नये ते केले होते. रोज काही विसरलेली नाही. जिनीने मात्र ते इतके खोल पुरले आहे की प्रथम तिला आठवतच नाही. पुढे एकदा ती माहेरच्या घरातल्या आपल्या जुन्या पलंगावर जाऊन पडते आणि सगळे वर येते.

लेखिकेने जमिनीचीही अशीच एक गोष्ट सांगितली आहे. ही हजार एकर जमीन मुळात दलदल होती. पूर्वजांनी जमिनीखाली मातीच्या नळांचे जाळे घालून पाणी काढून दिले आणि वर सोने पिकू लागले. पुढे रासायनिक खते आली. ती निचऱ्याच्या पाण्याबरोबर खाली उतरली आणि विहिरीत आली. जिनीचे पाच गर्भ राहिले नाहीत, त्यामागे हे विहिरीचे पाणी असावे असे तिला फार उशिरा कळते. आपल्याकडे चिकोडी-अथणी भागात उसाला बेसुमार पाणी देऊन चांगल्या जमिनी चोपण झाल्या, त्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे वेगळे सांगायला नको. शेतावर उभे असलेले पीक सगळ्या गावाला दिसते, खालचे पाणी ज्याला प्यावे लागते त्यालाच कळते.

आता माझ्या घराकडे येतो. आधीच सांगतो, आमचे बाबा लॅरी कुक नव्हते. त्या जातीचे पाप आमच्या घरात घडले नाही, आणि तुलना मी तेवढ्यासाठी करत नाही. बाबा तापट होते, कष्टाळू होते, गावात शब्दाला मान होता. बेळगावपासून पंधरा-वीस मैलांवर आमची साडेअकरा एकर जमीन. आम्ही तिघे भावंडे: थोरली आक्का, मधला मी, आणि आम्ही सगळे जिला अजूनही धाकटीच म्हणतो ती बहीण. आक्काला सातवीनंतर शाळेतून काढले. तेव्हा आमचा भाग मुंबई राज्यात होता. १९५६ साली तो म्हैसूर राज्यात गेला. १९६२ साली आक्काचे लग्न झाले, धारवाडकडच्या एका बिजवराशी. मी कॉलेजला होतो. धाकटी त्याच वर्षी बेळगावच्या हायस्कुलात गेली आणि पुढे बी.ए. झाली. खेड्यातल्या बापाने त्या काळी मुलीला बी.ए. केले, याचा धाकटीला आजही अभिमान आहे. तिला सांगलीला दिली.

बाबा १९८६ साली गेले. दुसऱ्या वर्षी मी दोघी बहिणींना हक्कसोडीसाठी बोलावून घेतले. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने बापाच्या मिळकतीत मुलगी वारस झाली होती, म्हणून त्यांची सही लागत होती. एरवी वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलासारखा जन्मतः हक्क ही गोष्ट तेव्हा आमच्याकडे कायद्यातही नव्हती. कर्नाटकात आणि महाराष्ट्रात ती दुरुस्ती १९९४ साली झाली, तीही त्या वेळी अविवाहित असलेल्या मुलींपुरती. देशभर ती २००५ साली आली आणि २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की हा हक्क जन्माने आहे, २००५ साली बाप हयात असला पाहिजे अशी अट नाही. गोव्यातल्या वाचकांना याचे नवल वाटेल. तिथे १८६७ च्या पोर्तुगीज संहितेपासून मुलगा आणि मुलगी सारखेच वारस, आणि मृत्युपत्र केले तरी बापाला निम्म्याहून जास्त मिळकत मनाला येईल तशी देऊन टाकता येत नाही. पण हक्क कायद्यात असणे वेगळे आणि तो भावापुढे तोंडाने मागणे वेगळे, हे गोव्याच्या बहिणींनाही ठाऊक असेल.

सब-रजिस्ट्रारच्या कचेरीतला तो दिवस मला आठवतो. कागद कानडीत होता. मला कानडी बोलता येते, पण वाचताना मी अडखळतो. पंचवीस वर्षे धारवाडकडे काढलेल्या आक्कानेच तो आम्हाला वाचून दाखवला. वरच्या ओळीत लिहिले होते, 'हक्कु बिडुगडे पत्र'. आक्का हसून म्हणाली, "बिडुगडे म्हणजे सुटका रे. कोणाची, माझी की तुझी?" मीही हसलो. तिने सही केली. चहा झाला. तिला साडी घेतली.

धाकटीने सही केली नाही. ती म्हणाली, "दादा, मला जमीन नको. पण ती मी सोडते आहे हे मला कोणी विचारले? तू तर टाइप करूनच आणलेस." मला राग आला. त्याहून जास्त राग आक्काला आला. "बाबांनी तुला शिकवले-सवरले, आणखी काय पाहिजे तुला?" असे ती सगळ्यांदेखत म्हणाली. धाकटी म्हणाली, "तुला जन्मात बाबांपुढे मान वर करता आली नाही, म्हणून मीही करू नये काय?" तीन महिन्यांनी धाकटीने सही दिली, पण पंचमीला यायचे सोडले. पंचमीला लेकी माहेरी येतात हा आमच्या भागातला रिवाज. तिची जागा तेव्हापासून रिकामी आहे. लग्नाकार्यात भेट होते, विचारपूस होते. दोघी बहिणी एकमेकींशी बोलतात त्या तिसऱ्या माणसाकडे बघून.

कादंबरी संपवली त्या रात्री मला झोप लागली नाही. शेवटाकडे एक प्रसंग आहे. बाप गेला, रोज कर्करोगाने गेली, कर्जापायी शेत विकावे लागणार. जिनी आणि कॅरोलिन जुन्या घरातल्या वस्तूंची वाटणी करायला एकत्र येतात. कॅरोलिनच्या मनातला बाप चांगला आहे. थोरल्यांनी त्याला छळले असेच तिला वाटते. जिनीच्या ओठावर सगळे आलेले असते. एका वाक्यात ती बहिणीचा बाप बहिणीपासून काढून घेऊ शकते. ती ते वाक्य उच्चारत नाही. गप्प राहते.

जिनीने बरोबर केले का? मी याच प्रश्नाशी अडलो. मरायला टेकलेल्या रोजचे मत वेगळे असते. झाल्या गोष्टीवर आपण पांघरूण घातले नाही, क्षमा केली नाही, हीच आपली आयुष्यातली कमाई असे ती मानते. वाचताना कधी रोजचे पटते, कधी जिनीचे. लेखिका निवाडा देत नाही. खरे बोलणारी रोज धुतल्या तांदळासारखी नाही, बहिणीचे मन जिथे गुंतले होते तो माणूस तिने आपल्याकडे ओढला. आणि सोसून गप्प राहणारी जिनी तर रोजला मारण्यासाठी विषारी मुळी घातलेले सॉसेज बरणीत भरून पाठवते. रोज ते खात नाही, बरणी तळघरात तशीच पडून राहते. गप्प राहणाऱ्याच्या मनात सगळे शांतच असते अशी समजूत ज्यांची असेल, त्यांनी ही बरणी आठवावी.

आठ दिवसांनी मी धारवाडला गेलो. आक्का आता चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. दुपारी ती पडवीत वाती वळत बसली होती. मी म्हणालो, "आक्का, सत्त्याऐंशी साली तू सही केलीस, तेव्हा तुझ्या मनात काय होते?" ती बराच वेळ वाती वळत राहिली. मग म्हणाली, "हे तू आज विचारालास होय रे?"

आणि तिने सांगितले. १९६२ च्या उन्हाळ्यात बाबा ओसरीवर आईला म्हणत होते की थोरलीचे लग्न, मुलाचे कॉलेज आणि धाकटीचे हायस्कूल हे तीन खर्च एकदम झेपायचे नाहीत, धाकटीला घरी बसवू. आक्का आत चुलीपाशी होती. एका बिजवराचे स्थळ आले होते, दोन लहान मुले होती, हुंडा नको होता. बाबांनी ते जवळजवळ नाकारलेच होते. दुसऱ्या दिवशी सकाळी आक्काने आईला सांगितले, होकार कळवा. आपल्यामागे धाकटीची शाळा थांबवायची नाही एवढा शब्द तिने आईकरवी बाबांकडून घेतला. "मला सातवीतून काढले तेव्हा मी आठ दिवस रडत होते," आक्का म्हणाली, "ती रडलेली मला बघवली नसती." सहीचे म्हणशील तर, ती म्हणाली, "सही केली नसती तर पंचमीला बोलावले असतेस काय?"

मला उत्तर देता आले नाही. माझे कॉलेज, माझी नोकरी, माझी साडेअकरा एकर, ही सगळी त्या एका होकारावर उभी होती, आणि मी तिला एक साडी घेतली होती.

"धाकटीला हे माहीत आहे?" मी विचारले. "नाही. आणि सांगू नको," आक्का म्हणाली. "तिच्या वाटणीला एक चांगला बाप आला आहे. तो तिला राहू दे. तेवढ्याची वाटणी मागायला मी कशाला जाऊ?"

वाचकहो, जिनीचे मौन मला तिथे पडवीत बसून कळले. पण कळले म्हणून ते मान्य करावे का, हा प्रश्न तसाच राहिला. आपण आक्काला साष्टांग नमस्कार घालून तिच्या त्यागावर एखादी कविता लिहू शकतो. आपल्या साहित्याने ते पुष्कळ केले आहे. पण तिच्या मौनाची किंमत धाकटीनेही मोजली. आपल्याला शाळेत कोणी ठेवले हे तिला कळले असते, तर त्या दिवशी कचेरीत ती आक्काला ते वाक्य बोलली असती काय? बहिणीने बहिणीला वाचवले आणि त्याच गोष्टीने बहिणीपासून तोडले. एका घरात वाढलेल्या दोघींना दोन वेगवेगळे बाप मिळाले, आणि ज्याला दोन्ही विचारता आले असते असा मी मध्ये बसून कधी विचारले नाही.

सगळी मौने एका तराजूत घालू नयेत. एक मौन सोसणाऱ्याचे असते. ते सोडायचे की राखायचे, हा अधिकार तिचा. रोजने ते सोडले, जिनीने राखले, कोणालाही दोष देता येणार नाही. दुसरे मौन लाभणाऱ्याचे. द्यूतसभेत द्रौपदीने प्रश्न विचारला, तेव्हा भीष्मांनी धर्माची गती सूक्ष्म आहे म्हणून हात झटकले आणि बाकीचे थोर माना खाली घालून बसले. त्यांच्या त्या गप्प बसण्याला आपण कधी सहनशीलता म्हणत नाही. पण घरातला भाऊ असाच गप्प बसतो तेव्हा आपण त्याला घराण्याची अब्रू म्हणतो. ज्याच्या पदरात जमीन पडली, किंवा कॅरोलिनसारखा चांगला बाप पडला, त्याच्यावर एक ऋण आहे. ते विचारण्याचे ऋण. बोलण्याची सक्ती सोसणाऱ्यावर करता येत नाही, पण विचारायला लाभणाऱ्याला कोणी अडवलेले नसते. मला सदतीस वर्षांत कोणी अडवले नव्हते. न विचारणे सोयीचे होते.

विचारणे स्वस्त आहे, हेही मला कळते. आक्काला मी जमिनीचे बोललो तेव्हा ती हसली. "आता गुंठे घेऊन काय करू, उशाला घेऊन झोपू?" घेणाऱ्याचे वय उलटून गेल्यावर देऊ करणे यात मोठेपणा नाही. तरी मी मुलापुढे गोष्ट काढली, तुझ्या आत्यांच्या वाट्याचे काही त्यांच्या मुलांना गेले पाहिजे असे म्हणालो. तो काही बोलला नाही. ते गप्प बसणे माझ्या चांगले ओळखीचे आहे. त्याच्याशी मला पुन्हा बोलावे लागेल, एकदा नव्हे, अनेकदा.

हा लेख लिहू का, असे मी आक्काला विचारले. तिने दोन दिवस घेतले. मग फोनवर म्हणाली, "लिही. पण आधी तिला दाखव. छापलेले बघून तिला कळले, असे नको." म्हणजे मूठ तिनेच उघडली, माझ्यावर सोडली नाही.

गेल्या महिन्यात कच्चा खर्डा घेऊन मी सांगलीला गेलो. धाकटी पंचाहत्तरीची झाली आहे, चश्मा लावून तिने तो खिडकीपाशी बसून वाचला. दोनदा मागची पाने उलटून पाहिली. डोळे पुसले नाहीत, माझ्यावर रागावलीही नाही. कागद घडी करून मला परत दिले आणि विचारले, "आक्काला जिना चढवतो काय रे अजून?" मी सांगितले, नाही, ती आता खालीच झोपते. ती "बरं" म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली.

या भाऊबीजेला ती धारवाडला जाणार आहे की नाही, मला ठाऊक नाही. मी विचारले नाही. ते दोघी बहिणींचे आहे. मी माझ्यापुरते एवढेच ठरवले आहे की ताटात ओवाळणी टाकून मोकळे व्हायचे नाही, दोघींच्या समोर बसायचे आणि त्या सांगतील तेवढे ऐकायचे.